राखण



ज्या गुरुजींच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, त्यांची एक सवय मी त्यांच्या विद्यार्थ्यांकडून ऐकली आहे. रात्रभर पाऊस कोसळला की दुसऱ्या दिवशी मुलांची हजेरी घेण्याआधी ते वाड्यांची हजेरी घेत. वरच्या वाडीचं कोण आलंय? नदीपलीकडचं कोण आलंय? एखाद्या वाडीचं एकही पोर वर्गात नसलं, तर शाळा सुटल्यावर छत्री घेऊन ते ती वाट चढत. गुरुजी माळकरी होते. सकाळचा हरिपाठ चुकला नाही आणि ही हजेरीही चुकली नाही. आज मी जे बोलणार आहे ते या दोन न चुकलेल्या गोष्टींच्या मधल्या जागेबद्दल आहे.

मला विषय दिला आहे ‘संकटकाळी ईश्वरावरचा भरवसा’. कार्यकर्ते निमंत्रण घेऊन आले तेव्हा मी दोन दिवस मागून घेतले. पुण्या-मुंबईच्या सभागृहात या विषयावर बोलणं सोपं आहे. महाडात सोपं नाही. इथे पहिल्या रांगेत कोण बसलंय, कोणाच्या घरी जुलै महिन्यात वर्षश्राद्ध असतं, हे मला माहीत आहे. तुमच्यासमोर ‘देव सगळ्यांची काळजी घेतो’ असं नुसतं म्हणून खाली बसणं मला जमणार नाही. आणि तसं म्हणायचंच नाही, असंही नाही. माझा त्यावर विश्वास आहे. पण तो विश्वास कसा उरला, त्यातलं काय गळून पडलं, हे सांगितल्याशिवाय त्याला किंमत नाही.

सुरुवात आपल्याच एका शब्दापासून करतो. राखण. पोलादपूरच्या वरच्या वाड्यांमध्ये नाचणी-वरी कणसावर आली की रानडुकरांसाठी रात्रीची राखण असते. शेतात चार खांबांवर माळा बांधायचा, वर पेंढा घालायचा, आणि घरातल्या कोणीतरी तिथे जागायचं. डबा वाजवायचा, हाळी द्यायची. माझ्या लहानपणी मी आजोबांबरोबर या माळ्यावर झोपलो आहे. खरं तर मी झोपलो, ते जागले. दुसरी राखण शिवेवरच्या देवाला देतात. कोंबडं, नारळ, विडा, जशी ज्याची रीत. गावाची, गुरांची, पोराबाळांची राखण कर, असं त्याला सांगायचं. म्हणजे देव करतो ती राखण, त्याला देतात ती राखण, आणि शेतकरी माळ्यावर बसून करतो तीही राखणच. आजोबा शिवेवर नारळ ठेवून आले म्हणून रात्री घरी झोपले नाहीत. आणि माळ्यावर स्वतः जागणार होते म्हणून नारळ ठेवायचा राहिला, असंही कधी झालं नाही. मी पुढे बरीच पुस्तकं वाचली. भरवसा आणि प्रयत्न यांचं नातं मला त्या माळ्याइतकं स्वच्छ कुठे दिसलं नाही.

आता गुरुजींसारखी मीही हजेरी घेतो. जुई. दासगाव. रोहन. कोंडिवते. २००५ च्या जुलैची २५ आणि २६ तारीख. मुंबई बुडाली म्हणून सगळ्या देशाने तो पाऊस लक्षात ठेवला; आपण तो या चार नावांनी लक्षात ठेवला. दीडशेहून जास्त माणसं डोंगराखाली गेली, त्यांतली सर्वांत जास्त जुईची. मग २ ऑगस्ट २०१६ ची रात्र. सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या वेळचा दगडी पूल पुरात गेला आणि त्याच्याबरोबर दोन एसटी गाड्या आणि एक खासगी गाडी गेली. त्यांतली कित्येक माणसं सापडलीच नाहीत. २८ जुलै २०१८ ला आंबेनळी घाटात कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस दरीत गेली. तीस गेले, एक वाचला. २४ ऑगस्ट २०२० ला, गणपती घराघरांत बसलेले असताना, काजळपुऱ्यातली पाच मजली इमारत पत्त्यांसारखी बसली, सोळा गेले. आणि मग २२ जुलै २०२१. शहरात पुराचं पाणी, आणि त्याच दिवशी तळियेवर दरड. ऐंशीहून जास्त माणसं. पोलादपुरात केवनाळे आणि सुतारवाडी. तळियेला बाहेरची मदत पोचायला दुसरा दिवस उजाडला, कारण वाटेत आपण बुडालेलो होतो.

त्या वर्षी आषाढी एकादशी २० जुलैला होती. करोनामुळे पायी वारी नव्हती, मानाच्या पालख्या एसटीने पंढरपूरला गेल्या. एरवी आपल्या डोंगरातली जी माणसं आषाढात वाटेवर असती, ती घरीच होती. त्यांनी घरी एकादशी केली, बुधवारी द्वादशीला उपास सोडला, आणि गुरुवारी डोंगर आला.

या ओळीशी मी पुष्कळ दिवस अडून बसलो होतो. वारीला गेले असते तर वाचले असते, हा हिशेब मी केला. तुमच्यापैकीही अनेकांनी केला असेल.

पुरानंतर पंधरा-वीस दिवसांनी माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. त्याचं गाव, त्याचं नाव मी सांगणार नाही. मुंबईला कामाला होता म्हणून तो राहिला, घरचे गेले. अंगणात उभा राहिला, आत ये म्हटलं तरी येईना. म्हणाला, “सर, आमचं काय चुकलं? कुठला नवस राहिला? सप्ताहाला वर्गणी दिली, देवीची ओटी भरली, राखण दिली. काय राहिलं?” आणि मी, चाळीस वर्षं शिकवलेला माणूस, त्याला प्रारब्धावर काहीतरी बोललो. गेल्या जन्मीचं, या जन्मीचं, आपल्या हातात काही नसतं, असं. त्याने ऐकून घेतलं. मोठ्यांचं ऐकून घ्यायची सवय असलेला मुलगा होता. “बरं सर” म्हणाला आणि गेला. तो वळणावरून दिसेनासा होईपर्यंत मी बघत राहिलो आणि आपण या मुलाला काय दिलं हे मला कळलं. त्याच्या डोक्यावर आधीच एक डोंगर होता, त्यावर मी आणखी एक ठेवला. ज्यांना त्याने गमावलं त्यांनाच मी अपराधी ठरवून मोकळा झालो.

हे फार जुनं आहे. ज्यू आणि ख्रिस्ती लोकांच्या धर्मग्रंथात ईयोब नावाच्या भल्या माणसाची कथा आहे. त्याची गुरं गेली, मुलं घर कोसळून गेली, अंगावर फोड आले. तीन मित्र भेटायला येतात. सात दिवस, सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहतात, एक शब्द बोलत नाहीत. तिथपर्यंत ते मित्र असतात. आठव्या दिवशी तोंड उघडतात आणि त्याला समजावू लागतात की तुझं काहीतरी चुकलं असलं पाहिजे. ईयोब मात्र देवाशी भांडतो, जाब विचारतो. आणि शेवटी देव रागावतो तो या समजावणाऱ्यांवर. जाब विचारणाऱ्यावर नाही. त्या दिवशी अंगणात मी आठव्या दिवसाचा मित्र होतो.

मोठ्या माणसांकडूनही असं झालं आहे. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. अस्पृश्यतेच्या पापाची ही शिक्षा आहे असं गांधीजी म्हणाले. अस्पृश्यतेविरुद्ध झगडण्यात टागोर मागे नव्हते, पण त्यांनी या म्हणण्याला जाहीर विरोध केला. मी गांधीजींना मानतो. या एका बाबतीत मला टागोर बरोबर वाटतात. पाप करणारे निराळे आणि ढिगाऱ्याखाली गेलेले निराळे. अस्पृश्यतेचा सर्वांत जास्त मार ज्यांनी खाल्ला, त्यांचीही घरं त्या भूकंपात पडलीच असणार. तळियेच्या डोंगराने माणसांची पुण्यं मोजली नाहीत. त्याच्यावर त्या दिवसांत जो पाऊस पडला तो भयंकर होता. वर महाबळेश्वरला एका दिवसात सहाशे मिलिमीटरच्या जवळपास नोंद झाली. आपला डोंगर वरून काळा कातळ दिसतो, पण त्या कातळावर कुजून मऊ झालेल्या दगडाचा आणि मातीचा थर आहे. तो थर पाणी पीत जातो, जड होतो, आणि उतारावर धरून ठेवणारं बळ एका क्षणी कमी पडतं. देवाने त्या घरावर नेम धरला होता असं जो म्हणेल, त्याच्या देवाला मी ओळखत नाही.

मग ‘देवाने राखलं’ या वाक्याचं काय करायचं? आपल्याकडे हे वाक्य रोज ऐकू येतं. पूल गेला त्या रात्री जवळच्या एका गॅरेजवाल्याला गाड्यांचे दिवे पुलावर दिसेनासे होताना दिसले. तो धावत रस्त्यावर आला आणि त्याने मागच्या गाड्या थांबवल्या. थांबलेल्या गाड्यांतली माणसं आयुष्यभर म्हणतील, देवाने राखलं. त्यांनी म्हणावं. पण दोन एसटींतही नारळ-अंगारे जवळ बाळगणारी माणसं होती, ड्रायव्हरच्या डोक्यावर देवाची तसबीर असेल. म्हणून मी एक पथ्य पाळतो. हे वाक्य हात जोडून देवाला म्हणावं. ज्याचं माणूस गेलं त्याच्यासमोर ते मोठ्याने उच्चारू नये. आणि वाचणं ही सुद्धा नेहमी आनंदाची गोष्ट नसते. मी का उरलो, हा प्रश्न घेऊन जगणारी माणसं आपल्या दोन तालुक्यांत घरोघर आहेत. त्यांना ‘तुझ्यावर देवाची कृपा’ असं म्हणताना आपण काय म्हणतो आहोत याचा विचार करावा.

काजळपुऱ्याची इमारत मी या हजेरीत घेतली, पण ती दरडीसारखी नव्हती. ती माणसांनी बांधलेली होती. तिथे देवाच्या इच्छेचा विषय काढणं म्हणजे माणसाच्या जबाबदारीला देवाच्या पाठीमागे लपवणं आहे. त्या ढिगाऱ्यातून दुसऱ्या दिवशी चार वर्षांचा एक मुलगा जिवंत निघाला, तेव्हा रस्त्यावर टाळ्या वाजवणाऱ्यांत सगळ्या जातीधर्मांचे लोक होते. कोणी अल्लाचं नाव घेत होतं, कोणी गणपतीचं. ढिगारा उपसणारे हात मात्र नाव न घेता चालू होते.

आता माझ्या घरची गोष्ट सांगतो. २२ जुलैची रात्र. सावित्रीचं पाणी, गांधारीचं पाणी, वर काळ नदीचं. खाली खाडीची भरती, आणि नदीत साठलेली जुटी, म्हणजे गाळाची बेटं. आपल्याला हे सगळं तोंडपाठ आहे. लाइट गेलेली, मोबाइलला रेंज नाही. पाणी ओटीवर आलं, मग माजघरात. मी पोटमाळ्यावर काय काय न्यायचं याची धावपळ करत होतो. तांदूळ, औषधं, कागदपत्रांची पिशवी, गॅसची शेगडी. आई नव्वदीला आलेली. ती देवघरासमोर उभी राहून म्हणाली, “आधी देव वर घे.” मी चिडलो. खरंच चिडलो. गुडघाभर पाण्यात उभा राहून मी तिला म्हणालो, “आई, ज्याने आपल्याला वाचवायचं, त्याला मी वाचवत बसू?” ती शांतपणे म्हणाली, “अरे, त्यांना वर न्यायला आपण नाही तर कोण आहे?” आणि तिने भाजीच्या कापडी पिशवीत एकेक टाक ठेवायला सुरुवात केली. खंडोबा, देवी, वीर. बाळकृष्ण. शाळिग्राम. वाकता येत नव्हतं, हात थरथरत होते.

रात्रभर पोटमाळ्यावर ती पिशवी तिच्या मांडीवर होती. खाली पाणी भिंतींना आदळत होतं, कपाटं तरंगून एकमेकांवर आपटत होती. मला वाटलं होतं ती जप करत असेल. पहाटे मी जवळ गेलो तेव्हा ती पिशवीवर हात फिरवत होती, तान्ह्या मुलाच्या पाठीवरून फिरवतात तसा. तिला भीती वाटत नव्हती असं नाही. पण तिच्या हातांना काम होतं, आणि ते काम कोणाला तरी सांभाळण्याचं होतं. मी नुसता पाणी मोजत बसलो होतो. जिन्याच्या किती पायऱ्या उरल्या, एवढंच. आमच्या दोघांत जास्त सुखरूप कोण होतं, हे मला त्या पहाटे कळलं.

त्यानंतर मी तुकोबांचं चरित्र पुन्हा वाचायला घेतलं. १६३० च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ. धंदा बुडाला, गुरं गेली, पहिली बायको अन्नावाचून गेली. दिवाळं निघालेला, गावात मान गेलेला हा तरुण वाणी काय करतो? घराण्याच्या विठोबाचं देऊळ पडलं होतं, ते बांधायला घेतो. त्यांनी स्वतःच हे नोंदवून ठेवलं आहे. लहानपणी मला हे भाबडेपणाचं वाटे. स्वतःच्या घरात दाणा नाही आणि देवाचं छप्पर शाकारतोय. आईची पिशवी पाहिल्यावर मला ते निराळं दिसलं. सगळं हातातून गेल्यावर तुकोबांनी देवाकडे मागणं मांडायच्या आधी देवासाठी गवंडीकाम केलं. आणि तेच तुकोबा पुढे त्याच विठोबाशी जन्मभर भांडले, रुसले, त्याला नाही नाही ते बोलले. देऊळ बांधणं आणि भांडणं, दोन्ही एकाच माणसाचं.

आपल्या कोकणात यालाही शब्द आहे. देवासमोर उभं राहून आपण घालतो ते गाऱ्हाणं. या शब्दाचा अर्थ तक्रार. आणि हीच आपली प्रार्थनाही आहे. आपल्या पूर्वजांना तक्रारीत आणि प्रार्थनेत फरक करावासा वाटला नाही, याचा मला फार आधार वाटतो. परक्याकडे माणूस अर्ज करतो, गाऱ्हाणं आपल्या माणसाकडेच घालतो. ज्याच्या मनात देवाविषयी राग आहे, त्याचा भरवसा संपला असं समजू नका. मला भीती वाटते ती ज्याने गाऱ्हाणं घालणंच सोडलं त्याची.

इथून पंचवीस-तीस किलोमीटरवर, वरंधच्या डोंगरात शिवथरघळ आहे. १९३० मध्ये धुळ्याचे समर्थभक्त शंकरराव देव यांनी ती शोधून काढली, आणि दासबोध तिथे लिहिला गेला ही परंपरा तेव्हापासून आपल्या सगळ्यांच्या परिचयाची झाली. पावसाळ्यात कधी तिथे गेला आहात? समोर धबधब्याचा पडदा, आवाज एवढा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, आणि डोक्यावर अजस्र कातळ. समर्थांनी ग्रंथाला बसायला हीच जागा निवडली. दासबोधाच्या तिसऱ्या दशकात त्यांनी तापत्रयावर तीन समास लिहिले. त्यांतल्या आधिभौतिक तापाच्या समासात बाहेरून कोसळणाऱ्या आपत्तींची एवढी लांब यादी आहे की वाचताना दम लागतो. चौथ्या दशकात नवविधा भक्ती येते, तिचा शेवट आत्मनिवेदनाशी होतो. इथे पुष्कळ जण पुस्तक मिटतात. पण पुढे बाराव्या दशकात एक आख्खा समास यत्नाच्या शिकवणीचा आहे. ज्या माणसाने सगळं रामावर सोपवायला सांगितलं, त्यानेच आळशाला एवढं फटकारलं आहे. मराठी मनाने या दोन समर्थांतले एक-एक आपापल्या सोयीने उचलले, हे आपलं दुर्दैव. डोंगराला भेग पडलेली दिसत असताना ‘राम ठेवील तसं’ म्हणणारा त्यांचं निम्मंच वाचतो. आणि माणूसच सगळं करतो म्हणणारा, पोटमाळ्यावर पाणी चढताना हातात काय धरणार, मला माहीत नाही.

या सभागृहात देव न मानणारी माणसं आहेत, हे मी विसरलेलो नाही. महाडात ते विसरताच येत नाही. २० मार्च १९२७ ला डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी आणि त्यांच्याबरोबरच्या हजारो माणसांनी चवदार तळ्याचं पाणी प्यायलं. नगरपालिकेने तीन वर्षांपूर्वीच ठराव करून तळं सर्वांना खुलं केलं होतं. ठराव कागदावर होता, पाण्याला हात कोणी लावू देत नव्हतं. त्याच दिवशी शहरात आवई उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. आणि आपली माणसं, माझ्या-तुमच्या आजोबांच्या पिढीतली, काठ्या घेऊन देवाची राखण करायला धावली. जेवायला बसलेल्या, गावी परतायला निघालेल्या माणसांना त्यांनी झोडपलं. नंतर तळं शुद्ध करून घेतलं. उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ साल उजाडलं.

मी आज राखणीबद्दल बोलतो आहे, म्हणून हे सांगणं मला टाळता येणार नाही. आईने पिशवीत घेतलेला देव आणि त्या दिवशी काठ्यांनी राखलेला देव, दोन्ही आपल्याच देवघरांतले. आईच्या राखणीत कोणाला इजा नव्हती. ज्या राखणीसाठी माणसाला मारावं लागतं ती देवाची नसते, ती स्वतःच्या जागेची असते. वीरेश्वर त्या दिवशी कुठे होता असं मला कोणी विचारलं, तर मी म्हणेन, मार खाणाऱ्यांत. माझे बौद्ध मित्र याला हसणार नाहीत, पण मानणारही नाहीत. ते म्हणतील, आम्हाला आमचा आधार माणसाच्या करुणेत सापडला. दासगावच्या, महाडच्या मुसलमान घरांत तवक्कुल म्हणतात, सगळं करून झाल्यावर अल्लाच्या हाती सोपवणं. २०२१ च्या गाळात फावडं घेऊन उतरलेली मुलं कोणत्या आधारावर उतरली होती, हे त्यांना त्या आठवड्यात कोणी विचारलं नाही. महाराष्ट्रभरातून माणसं आली. माझ्या माजघरातला गुडघाभर चिखल ज्यांनी काढला, त्यांची नावं मला आजही माहीत नाहीत. आईने त्या मुलांच्या चिखलाने भरलेल्या पायांना हात लावला, मुलं मागे सरकली, आणि आई म्हणाली, “मी देवाला सांगितलं होतं कोणालातरी पाठव.”

तिचा भरवसा एवढाच होता. पाणी येऊ नये असं ती म्हणाली नव्हती.

मीही आता इथपर्यंतच येऊन पोचलो आहे. देव डोंगर थांबवतो, असं मी म्हणत नाही. त्याने जुईला थांबवला नाही, तळियेला थांबवला नाही. डोंगराखाली जो सापडतो त्याला देव टाकून देत नाही, असं मी मानतो, पूर्ण मनाने मानतो. हे मला सिद्ध करता येणार नाही. ढिगाऱ्याखालच्या त्या शेवटच्या क्षणांत तो तिथे होता, असं मानूनच मला तळियेचा विचार सहन करता येतो. आणि वर उरलेल्यांकडे तो माणसांच्या पायांनी येतो, उशिरा येतो, कधी दुसऱ्या दिवशी दुपारी येतो. म्हणून ती वाट चालू ठेवणं, रस्ता खचू न देणं, नदीतली जुटी काढणं, आणि पावसाळा लागण्याआधी माणसं हलवणं, ही मला देवाच्या येण्याची तयारी वाटते.

हलवण्याबद्दल थोडं बोललं पाहिजे. दरडीचा धोका असलेल्या गावांच्या याद्या झाल्या आहेत. तरी माणसं घर सोडत नाहीत, आणि आपण शहरातले लोक त्यांना अडाणी म्हणतो. मी अशा घरांत बसलो आहे. एक म्हातारी मला म्हणाली, “आमचा देव इथं हाय, त्याला सोडून कुठं जाऊ?” तिला घाबरवून उपयोग नव्हता. मी तिला माझ्या आईची पिशवी सांगितली. ती बराच वेळ गप्प राहिली. मग तिने विचारलं, टाक पिशवीत ठेवताना खाली काय घातलं होतं? मी म्हटलं, तांदूळ. ती म्हणाली, “बरोबर.” कोणत्याही सरकारी पत्रकात हे लिहिलेलं नसतं, पण पुनर्वसनाच्या जागेत आधी देवळाची जागा ठरवली आणि गावाच्या मानकऱ्यांनी विधिपूर्वक देव हलवला, तर माणसं मागोमाग चालतात, असं माझं मत झालं आहे. देव जागेला बांधलेला नाही हे आपल्या माणसांना नव्याने शिकवावं लागत नाही. वर्षातून एकदा छबिन्याला गावोगावच्या पालख्या वीरेश्वराकडे येतातच की. देवाला खांद्यावर घेऊन चालायची सवय आपल्याला आहे.

तो माझा विद्यार्थी. त्या दिवसानंतर मी दोनदा त्याच्याकडे गेलो. पहिल्या वेळी माफी मागितली. “सर, असं काय बोलता,” म्हणून त्याने विषय बदलला. दुसऱ्या वेळी काही बोललो नाही, त्याच्या ओट्यावर बसून राहिलो. मुंबई सोडून तो आता नातेवाइकांच्या वाडीत राहतो. वाडीच्या वर डोंगराला एक भेग आहे, हातभर लांबीची होती, आता वाढली आहे. मागच्या आषाढात पावसाची झड लागली असताना मी एक रात्र तिथे होतो. देवळात भजन चालू होतं. ज्या रात्री पाऊस थांबत नाही त्या रात्री वाडीतली पोरं देवळात जागतात, म्हणजे झोप लागत नाही आणि सगळे एकत्र असतात. भेगेच्या दोन्ही बाजूंना त्यांनी सागाच्या खुंट्या ठोकल्या आहेत आणि त्यांच्यामध्ये दोरी ताणून बांधली आहे. दोरी आणखी ताणली गेली किंवा झऱ्याचं पाणी गढूळ झालं, की शंख फुंकायचा आणि सगळ्यांनी शाळेच्या माळावर जायचं, असं ठरलेलं आहे. तिथे जायची वाट म्हाताऱ्यांना हाताला धरून दोनदा चालवूनही आणली आहे.

मध्यरात्री एक अभंग संपला. माझ्या विद्यार्थ्याने टाळ खाली ठेवले, डोक्यावर इरलं घेतलं, बॅटरी घेऊन वर गेला. आम्ही सगळे देवळाच्या दारातून त्या प्रकाशाकडे बघत होतो. प्रकाश वर चढला, एका जागी थांबला, खाली वाकला, बराच वेळ तिथेच राहिला. पखवाजवाल्याने हात पखवाजावर ठेवले होते, पण वाजवत नव्हता. मग प्रकाश हळूहळू खाली आला. तो आत येऊन पाय पुसत म्हणाला, “दोरी आहे तशी आहे.” आणि टाळ उचलून आपल्या जागेवर बसला.